कप्पी

सुरुवात कशाने झाली, डॉक्टर ओदोने विचारतात.
पडलात? आपटलात? जड काही उचललंत?
काहीच नाही.
फेब्रुवारीत एका गिऱ्हाइकाला शिंपल्याची बटणं हवी होती,
चौथ्या फळीवरची,
आणि माझा हात तिसरीपाशी थांबला.

जेनोआच्या या अरुंद गल्लीत
एकतीस वर्षं बटणं विकते मी,
बटणं, दोरे, लेस, कोटांची अस्तरं.
वरच्या फळ्या लग्नकार्याच्या, खालच्या रोजच्या.
तेव्हापासून अख्खी गल्ली
रोजच्याच कपड्यांत फिरते आहे.

आता सैल सोडा, डॉक्टर म्हणाले, मी उचलतो.
कोपर कुशीला टेकवून
पंजा बाहेर वळवू लागले
गंजलेल्या बिजागरीचं दार उघडावं तसा.
माझ्या जोराने हलत नाही, ते मला ठाऊक होतं.
त्यांच्याही जोराने हलेना,
तेव्हा त्यांचा चेहरा जरा उजळला.
निदान सापडलं होतं.

एक्स-रे स्वच्छ.
इतका स्वच्छ की मला रागच आला.
मग रक्त मागितलं. खांद्यासाठी रक्त?
त्यात साखर निघाली,
एका पाहुण्यामागून दुसरा, न सांगता.

सांध्याभोवतीची पिशवी आक्रसते, ते म्हणाले.
गरम पाण्यात धुतलेल्या लोकरीसारखी?
हो, तशीच.
आधी गोठत जातो, मग गोठून राहतो,
मग आपल्या मर्जीने सुटतो.
किती दिवसांत?
दिवसांत नाही, तेर्सिला बाई.
वर्ष धरा. कदाचित दोन.

सांध्यात एक सुई घेतली.
झोप परत आली,
हात नाही आला.

पाठीमागचा हूक लागत नाही.
पुढे लावते, मग गोल फिरवून घेते,
आणि दिवसभर लोकांना सांगते
कोणत्या काजाला कोणतं बटण.
वैतागून हात वर करावेत म्हटलं,
तर तेही एकाच बाजूने जमतं.

इलारिया व्यायाम शिकवते. वय सव्वीस,
खांदे लोण्यासारखे.
टेबलावर वाका, हात लोंबू द्या,
त्याला त्याच्या वजनाने झुलू द्या.
बोटांनी भिंत चढा, कोळ्यासारखी.
पोचाल तिथे पेन्सिलीने तारीख लिहा.
वीस मे.
तीन जून, तिथेच.
सतरा जून, तिथेच, अक्षर जरा वाकडं.

आणि दाराला कप्पी लावा, ती म्हणाली,
चांगल्या हाताने दोरी ओढायची, आजारी हात वर जाईल.
मी हसले. या गल्लीत
कप्पीशिवाय खिडकी दाखव म्हटलं.

माझ्या वाळवणीच्या दोरीचं दुसरं टोक
समोरच्या भिंतीत आहे, यादिराच्या.
ती ग्वायाकिलहून आली त्या वर्षी
माझ्या चादरीचं पाणी तिच्या तुळशीच्या कुंडीत गळलं,
तिने बोल लावला, मी दोन लावले.
नऊ वर्षं दोरी तेवढी बोलत होती,
कर्र, कर्र.
फेब्रुवारीपासून तीही गप्प.
माझे कपडे खुर्च्यांच्या पाठीवर वाळतात,
कुबट वास येतो.

जूनच्या शेवटी ती खिडकीतून ओरडली,
दोरी सडेल तुमची!
मग, थोड्या वेळाने, हळू:
तुम्ही नुसते चिमटे लावा. ओढते मी.

मी चिमटे लावले, कमरेच्या उंचीवर,
एक परकर, दोन उशांचे अभ्रे,
आणि ती चादर, नीट पिळलेली.
तिने ओढलं.
माझं धुणं माझ्यापासून दूर, उन्हाच्या पट्ट्यात गेलं.
डाव्या हाताने मी दोरीला नुसता स्पर्श केला
आणि दोरीबरोबर तो थोडा वर गेला.
दुखलं. गेला.

भिंतीवर आज तारीख दोन बोटं वर आहे.
चौथी फळी अजून लांब.
यादिराला मी हात वर करून दाखवला,
म्हणजे छातीपर्यंत.
तिने तो पुरा धरला.